मनपा शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा: आधी काय, मग काय? (नागपूर)

नागनदीकाठ (धागाकर्ती)

पूर्व नागपुरातल्या एका मनपा मराठी शाळेचा शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीला डिसेंबरअखेर तयार करायचा आहे. शाळेची स्थिती अशी:

पहिली ते आठवी, पट १७२ (पहिली ते पाचवी ११२, सहावी ते आठवी ६०). शिक्षक पाच. त्यांतल्या एका मॅडमकडेच मुख्याध्यापकपदाचा प्रभार, एका सरांकडे बीएलओचं (मतदारयादीचं) काम. हजेरीपत्रकावर उपस्थिती ८५ टक्क्यांच्या आसपास, वर्गात डोकावलं तर तेवढी मुलं दिसत नाहीत. तीन वर्षांत पट पन्नासने उतरला. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी चढत नाही, दोन खोल्या गळतात. पाचवीतल्या बऱ्याच मुलांना सलग परिच्छेद वाचता येत नाही असं शिक्षक स्वतःच सांगतात, पण नेमकी किती मुलं, ते कागदावर नाही.

समितीच्या कच्च्या मसुद्यात ३१ मुद्दे आहेत: रंगरंगोटी, सीसीटीव्ही, डिजिटल बोर्ड, परसबाग, इंग्रजी संभाषण वर्ग, वाचनालय, स्नेहसंमेलनाचा मंच वगैरे. मागच्या आराखड्यातही जवळपास हेच होतं आणि तो फाइलमधून बाहेर आला नाही. क्रम कसा लावायचा? कशाला किती वेळ, किती पैसा धरायचा?

खडूची डबी

ताई, ३१ मुद्द्यांची यादी आधी बाजूला ठेवा. शाळेत एकाच वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी बदलत नाहीत, पाच शिक्षकांच्या शाळेत तर नाहीच. आणि तुमच्या माहितीत सगळ्यात मोठी उणीव तुम्हीच लिहिली आहे: किती मुलं वाचतात ते कागदावर नाही. आराखड्याचं पहिलं पान तिथून सुरू होतं.

प्रत्येक मुलाला एकेकट्याने बसवून तपासा. एका मुलाला वाचन आणि गणित मिळून सहा मिनिटं लागतात. १७२ मुलांची साधारण १७ तास होतात. चार जणांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी सव्वाचार तास, म्हणजे रोज एक तास दिला तर आठवड्याच्या आत काम संपतं. सातवी-आठवी वगळू नका. ती मोठी मुलं आहेत, त्यांना येत असेल, असं धरलं जातं आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

वाचनाच्या पातळ्या ‘असर’ या देशव्यापी शिक्षण सर्वेक्षणाच्या पद्धतीने पाचच ठेवा: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाच अक्षरांपैकी चार ओळखली तर अक्षर पातळी. पाच शब्दांपैकी चार वाचले तर शब्द पातळी. परिच्छेद सलग वाचला आणि चुका तीनपेक्षा जास्त नसल्या तर परिच्छेद पातळी. गणितात अंकओळख १ ते ९, मग १० ते ९९, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी (दोन्ही उदाहरणं बरोबर हवीत), मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार.

चाचणी कुठे बिघडते तेही सांगतो:

पाठ्यपुस्तकातला उतारा दिला की मूल पाठ म्हणून दाखवतं. उतारा बाहेरचा हवा. शिक्षकाने स्वतःचा वर्ग तपासला की नकळत मदत होते, ओठ हलतात. वर्ग अदलाबदल करा. एकाच खोलीत चार मुलं वाचत असली की मागचं मूल ऐकून शिकतं. व्हरांड्याच्या दोन टोकांना बसवा. आणि ‘क काना का, म काना मा’ असं सोडवत वाचणारं मूल शब्द पातळीला धरू नका. ते अजून अक्षरावर आहे.

सगळी नोंद एकाच रेघी वहीत: नाव, इयत्ता, घरात बोलायची भाषा, वाचन, गणित, तारीख. पुढच्या तीन चाचण्यांचे रकाने आत्ताच आखून ठेवा.

हिशोबवही

घरातल्या भाषेचा रकाना चांगला सुचवला. पूर्व आणि उत्तर नागपुरात मराठी शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी हिंदी, छत्तीसगढी चालते. ‘ळ’ आणि ‘ण’ अडतात, ‘चमचा’तल्या आणि ‘चार’मधल्या च-मधला फरक अडतो. ती वाचनातली कमजोरी समजली जाते. चाचणीत उच्चाराची चूक वेगळ्या खुणेने नोंदवा, पातळी खाली ओढू नका.

सक्करदरा चौक

माझं मत थोडं वेगळं आहे. पट पन्नासने उतरला असेल तर ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पद जाईल. पद गेलं की दोन वर्ग एका शिक्षकाकडे, मग आणखी पालक मुलं काढतील. वाचनाचा निकाल दिसायला वर्ष जातं. रंग, फाटक, सेमी इंग्रजी हे पालकाला उद्या दिसतं. आधी ते करा, पट थांबवा.

खडूची डबी

भाऊ, भीती खरी आहे, ती मी हलकी धरत नाही. म्हणून दर्शनी भिंत, फाटक आणि पहिलीची खोली एवढं रंगवायचं काम पहिल्या वर्षात घ्यावं. पूर्ण इमारत नको. सेमी इंग्रजी मात्र पहिल्या वर्षी अजिबात नको. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा शिक्षक सलग तीन वर्षं शाळेत राहील याची खात्री नसताना सेमी सुरू केलं, तर बदली झाली की सहावीतली मुलं ना मराठीतली राहतात ना इंग्रजीतली. पालक शाळा सोडतात त्या कारणांत ‘आमच्या पोराला तिसरीत वाचता येत नव्हतं’ हे खूप वरचं कारण आहे. सोडून गेलेल्या पन्नासपैकी वीस घरी जाऊन विचारा, दोन रविवारचं काम आहे. प्रश्न एकच: काहून काढलं? उत्तर जसंच्या तसं लिहा.

संत्रा मार्केट

पटाबद्दल जोडतो. प्रवेशाचं काम जूनमध्ये सुरू केलं की उशीर झालेला असतो. खासगी शाळांच्या गाड्या मार्चमध्येच वस्तीत फिरलेल्या असतात. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे तो मधला काळ अजून लांब. फेब्रुवारीत एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या अंगणवाड्यांमधून सहा वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलांची यादी घ्या. प्रत्येक नावापुढे समितीतल्या एका आईचं नाव लिहा. मार्चमध्ये त्या पालकांना शाळेत बोलवा आणि पहिलीचा वर्ग चालू असताना दाखवा. रिकामी खोली दाखवू नका.

आता हजेरी. दहा दिवस तीन आकडे जुळवून पाहा: हजेरीपत्रक, अकरा वाजता मोजलेली डोकी आणि जेवणानंतर मोजलेली डोकी. मोजणी रोज वेगळ्या माणसाने करावी. पोषण आहाराचं धान्य पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम या हिशोबाने शिजतं, त्यामुळे आहाराची नोंदही चौथा आकडा म्हणून समोर ठेवा. आकडे जुळले नाहीत तर कुणाला पकडायचं म्हणून हे करू नका. खरा पाया मिळाल्याशिवाय ‘उपस्थिती वाढली’ हे पुढच्या वर्षी म्हणता येणार नाही, एवढंच कारण आहे.

मग ५० टक्क्यांपेक्षा कमी येणाऱ्या मुलांची यादी काढा. ती साधारण चार गटांत पडते: धाकट्या भावंडाला सांभाळणारी (बहुतेक मुली), बांधकामावर किंवा वीटभट्टीवर पालकांसोबत जाणारी, आजारी, आणि नाव इथे पण मूल दुसऱ्या शाळेत. चौथ्या गटाची नावं आधार पडताळणीत आज ना उद्या उघडी पडतात, ती स्वतःहून कमी केलेली बरी. दुसऱ्या गटाला निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. ते मूल फेब्रुवारीत परत आलं की त्याच्या इयत्तेत बसवायचं, पण वाचनाच्या तासाला पातळीप्रमाणे.

नागनदीकाठ

पातळीप्रमाणे म्हणजे वर्ग मोडायचे? शिक्षक म्हणतात अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा.

वेळापत्रक

वर्ग मोडायचे, पण रोज दीड तासच. बाकी वेळ इयत्तेप्रमाणे.

आधी वेळेचा हिशोब मांडा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास आहेत, म्हणजे रोज चार तास प्रत्यक्ष अध्यापन. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, रोज साडेचारच्या वर. आता आठवडाभर घड्याळ घेऊन पाहा. समजा परिपाठ २० मिनिटं लांबतो, जेवणाची रांग नि ताटं धुणं यात २० जातात, शेवटच्या तासाची २५ मिनिटं दप्तर आवरण्यात. झाली ६५ मिनिटं. २०० दिवसांचे २१६ तास, म्हणजे ८०० पैकी पाव हिस्सा निघून गेला. अभ्यासक्रम तिथे अडकतो. ताटं दोन ओळींत वाढा, नळाजवळ दोन टब ठेवा, परिपाठ पंधरा मिनिटांत संपवा. दीड तासापैकी निम्मा वेळ यातूनच निघतो.

दीड तास परिपाठानंतर लगेच घ्या. जेवणानंतर ठेवला तर काही मुलं घरी गेलेली असतात आणि नेमकी तीच मुलं अक्षर पातळीची निघतात.

तिसरी ते पाचवीचे गट करा. सहावी ते आठवीचा गट वेगळा; आठवीतल्या मुलीला तिसरीतल्या मुलासोबत ‘कमळ’ वाचायला बसवलं तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. माणसं अशी: पहिली-दुसरी मिळून एक शिक्षक, तिसरी ते पाचवी दोन, सहावी ते आठवी दोन. तिसरी ते पाचवीत चार गट पडले तर दोन माणसं कमी पडतात. तिथे डी.एल.एड.चे (शिक्षक पदविकेचे) छात्राध्यापक किंवा मुलांच्या बारावी झालेल्या आया घ्या, पण त्यांना परिच्छेद आणि गोष्टीचा गट द्या. अक्षरांचा गट शाळेतल्या सगळ्यात हातखंडा शिक्षकाकडेच पाहिजे. जवळपास सगळीकडे हे उलटं होतं आणि तिथेच योजना कोलमडते.

वाचनाची ५० मिनिटं अक्षर-शब्द गटासाठी: गप्पा ८, शिक्षकाने बोट ठेवून उतारा वाचून दाखवणं १०, बाराखडी तक्ता १२, शब्द बनवण्याचा खेळ १०, लेखन १०. तक्ता आडवा, उभा आणि मधूनच बोट ठेवून वाचून घ्या. आडवा तक्ता मुलं चालीत म्हणतात, अक्षराकडे बघतही नाहीत.

गणिताची ४० मिनिटं. ५२ वजा ३८ चं उत्तर २६ येणारी मुलं तुम्हाला ढिगाने सापडतील. मोठ्यातून लहान अंक वजा केला, आठातून दोन सहा, पाचातून तीन दोन. त्या मुलाला हातचा पुन्हा समजावून उपयोग नाही, दशक सुटतो हे त्याने पाहिलेलं नाही. गटाला ३०० काड्या आणि रबर द्या, दहाचे गठ्ठे बांधून घ्या. बावन्नातून अडतीस काढताना गठ्ठा सोडावाच लागतो. दोन आठवडे काड्या, मग खेळातल्या नोटा, मग वही.

दर ३० कामाच्या दिवसांनी चाचणी आणि गट बदल. पातळी चढलेलं मूल जुन्या गटात ठेवू नका.

आणि नागपूरचं वेळापत्रक ध्यानात घ्या. मार्चपासून सकाळची शाळा, ऊन चढलं की दहानंतर पत्र्याखालच्या वर्गात काही होत नाही. खरं शिकवणं जुलै ते फेब्रुवारी. वर्षाची सगळी उद्दिष्टं फेब्रुवारीअखेर तपासा, एप्रिलअखेर तपासणार असं लिहू नका.

नागनदीकाठ

सहावी ते आठवीतल्या न वाचणाऱ्यांचं पुढे काय? पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे.

वेळापत्रक

परिच्छेदाखालची मुलं पहिले सहा आठवडे दीड तास पूर्ण वाचन-गणितावर. नंतर त्यांच्याच विज्ञान-भूगोलाच्या पुस्तकातला एक परिच्छेद रोज: शिक्षक वाचतील, मग जोडीने वाचन, मग तीन प्रश्न. जोडाक्षरं आणि रफार इथेच येतात, ‘वर्षा’, ‘सूर्य’, ‘ऱ्हास’ वेगळे शिकवत बसायची गरज पडत नाही. आठवीची आठ-दहा मुलं असतील तर त्यांना आधी घ्या, त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

हिशोबवही

पैशाचं बोलू.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. पट १०० पर्यंत उतरला तर २५,००० होतात, हे समितीला आकड्यात सांगा. वाचनालयाला पहिली ते आठवीच्या शाळेसाठी १३,००० पर्यंत तरतूद आहे. हे पैसे वर्षाच्या उत्तरार्धात येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्चावे लागतात. मग घाईत जे मिळेल ते घेतलं जातं. उपाय सोपा: नोव्हेंबरमध्येच प्राधान्याची यादी नि तीन दुकानांची दरपत्रकं तयार ठेवा, समितीचा ठराव तारखेसह करून ठेवा.

खोल्यांची गळती या पैशात बसत नाही, बसवूही नका. ते मनपाच्या झोनच्या अभियांत्रिकी विभागाचं काम. अर्जात ‘छत गळते’ एवढंच लिहिलं तर फाइल पडून राहते. खोली क्रमांक, लांबी-रुंदी (२० बाय २५ फूट असेल तर ५०० चौरस फूट), गळतीची जागा, पावसातला तारखेसह फोटो आणि खोलीत किती मुलं बसतात हे लिहा. अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला पाहिजे, कारण मनपाच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव त्यानंतर सुरू होते आणि प्रत्यक्ष काम फेब्रुवारी ते मे याच काळात होऊ शकतं. त्याआधी छतावर चढून पाहा. पावसाचं पाणी जायचे पाइप पिंपळाच्या पानांनी नि मुळांनी बुजलेले असतात, पाणी साचतं, उन्हाने तडकलेल्या कोब्यातून झिरपतं. नुसतं पाइप मोकळे करून गळती निम्मी होते.

मुलींच्या स्वच्छतागृहासाठी प्लंबरला बोलवण्याआधी चार गोष्टी बघा: छतावरच्या टाकीत पाणी खरंच चढतं का आणि पुरवठ्याच्या वेळेत ती किती भरते, टाकीचा तळ नळापेक्षा पुरेसा उंच आहे का, मुख्य व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे का, जुना लोखंडी पाइप गंजून आतून बारीक झाला आहे का. शेवटचं निघालं तर पाइप बदलण्याचा खर्च अनुदानात बसतो. हे काम यादीत सगळ्यात वर टाका. सहावीच्या पुढे मुलींची हजेरी महिन्याला तीन-चार दिवस का तुटते ते हजेरीपत्रक बघून कळेल. कडी, झाकणाची बादली, पाणी, साबण या चार वस्तू रोज तपासायचं काम समितीतल्या दोन महिलांकडे द्या.

डिजिटल बोर्ड घ्यायचा झाला तरी आधी वायरिंग, अर्थिंग आणि पंखे.

सक्करदरा चौक

दर्शनी भिंत आणि पहिलीची खोली एवढ्या रंगाला माझी हरकत नाही. पण शिक्षकांच्या पदाचं काय? ११२ मुलांना चार शिक्षक कायद्यानेच येतात, सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र धरून तीन. सात हवेत, पाच आहेत, त्यात एक बीएलओ, एक प्रभारी.

खडूची डबी

हेच आराखड्यात आकड्यात लिहायचं. नियमाप्रमाणे आराखड्यात इयत्तानिहाय पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, जादा भौतिक सुविधा आणि जादा निधी मांडायचा असतो. तीन वर्षांचा आराखडा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. ‘शिक्षक कमी आहेत’ हे वाक्य नको. तक्ता हवा, मंजूर किती, कार्यरत किती, कोणत्या विषयाचा नाही.

बीएलओबाबत: कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना सूट आहे, त्यामुळे काम सरसकट नाकारता येत नाही. मात्र मतदारयादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापन दिवशी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे. समितीने ठराव करून तेवढीच मागणी करावी. सरांना एकट्याने अर्ज करायला लावू नका.

आता मसुद्यात कुठेच नाही ती गोष्ट. प्रभारी मॅडमची बदली झाली तर हे सगळं कोण चालवणार? मुख्याध्यापक समितीचे सदस्य-सचिव असतात, वह्या त्यांच्या कपाटात असतात, किल्ली जाते तसा आराखडा जातो. म्हणून वाचनाची वही, हजेरी मोजणीची वही आणि निधीची वही या तिन्हींची प्रत अध्यक्षांकडे ठेवा. समितीत ७५ टक्के पालक नि निम्म्या महिला असतातच, त्यांतून प्रत्येक वहीसाठी एक पालक नेमा. शक्य तिथे तिसरी-चौथीतल्या मुलांचे पालक घ्या. सातवी-आठवीचे पालक घेतले तर आराखडा संपायच्या आत त्यांची मुलं शाळेतून गेलेली असतात.

संत्रा मार्केट

मासिक सभेत विषय तीनच: किती मुलं पातळी चढली, कोण येत नाही, पैसा कुठे पोचला. सभा संध्याकाळी सहानंतर ठेवा, मजुरीवाल्या पालकांचा दिवस बुडवून सभा भरत नाही. सह्यांसाठी वही घरोघरी फिरवली की ती समिती संपली असं समजा.

नागनदीकाठ

सगळ्यांचं वाचून पहिल्या वर्षाचा मसुदा असा केला आहे, चुका सांगा:

१. या महिन्यात दहा दिवस डोकी मोजणी, त्याच काळात १७२ मुलांची चाचणी. शाळा सोडलेल्या २० घरांना भेटी.
२. नोव्हेंबर: छताचा अर्ज, स्वच्छतागृहाची पाहणी, दरपत्रकं, बीएलओचा ठराव.
३. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज दीड तास गट.
४. डिसेंबर: आराखडा सह्यांसह सादर.
५. फेब्रुवारी: दुसरी चाचणी, अंगणवाडी यादी.
६. उद्दिष्ट: तिसरी ते पाचवीत परिच्छेदाखाली एकही मूल नको.

वेळापत्रक

सहावं बदला. चार महिन्यांत शून्य होणार नाही. मग शेवटी आकडा फुगवायचा मोह होतो. ‘पहिल्या चाचणीत परिच्छेदाखाली असलेल्या प्रत्येक मुलाने फेब्रुवारीपर्यंत किमान एक पातळी चढावी’ असं लिहा. ते मोजता येतं आणि अक्षरावरचं मूलही त्यात येतं. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानातलं तिसरीचं मिनिटाला ६० शब्दांचं लक्ष्य तिसऱ्या वर्षाच्या उपआराखड्यात टाका.

पाचव्यातही दुरुस्ती हवी. दिवाळीनंतर सुरू करून थेट फेब्रुवारीत चाचणी म्हणजे गट मध्ये बदलणारच नाहीत. डिसेंबरअखेर एक छोटी चाचणी घाला, फक्त अक्षर आणि शब्द गटांची.

हिशोबवही

दरपत्रकांसोबत चाचणीच्या कागदांचंही धरा. उताऱ्यांचे चार वेगळे संच लागतील, दर चाचणीला नवा. प्रत्येक संचाच्या चार प्रती, लॅमिनेशन करून. वापर झाला की संच अध्यक्षांच्या घरी ठेवा. वर्गात राहिला तर पुढच्या चाचणीपर्यंत तोही पाठ होतो.

नागनदीकाठ

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. डोकी मोजायला सोमवारपासून सुरुवात करतोय, पहिल्या दिवशी समितीतल्या दोन आया आहेत. दहा दिवसांचे आकडे इथेच टाकते.